मोजणी झालीच पाहिजे

१४ जून २०१०, सोमवार. सकाळी ६.

आजपासून नवीन आयुष्य. डॉक्टरांनी शुगरचा रिपोर्ट बघून मान हलवली आणि रोज चालायला सांगितलं. मान जरा जास्तच हलवली. लॅबवाल्याशी त्यांचं काही साटंलोटं आहे का, ते बघावं लागेल. तरीही निश्चय दोन. एक, रोज सकाळी चालणे. दोन, दुसऱ्याच्या भानगडीत न पडणे.

त्याच दिवशी, ७.३०.

चाललो. नाल्यापर्यंत. तिथं छोट्या गाडीच्या जुन्या पुलावर माणसं जमलेली. गाडी बंद पडून वर्षं झाली, रूळ उचलून नेले, बाभळी माजल्या. इतके दिवस त्या पुलाकडं कुत्रं फिरकलं नाही आणि आज एकदम चार-पाच जण हात लावून बघतायत. एक जण तर पुलाकडं बघून हसला. विचारलं तर म्हणे, इथं पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी रस्ता होणार.

लातुरात चालतं कोण? पानटपरीवर जायचं तरी लोक मोटारसायकलला किक मारतात. कुठंतरी पाणी मुरतंय. निश्चय क्रमांक दोन तात्पुरता स्थगित.

१५ जून.

चाललो नाही. रात्रभर पुलाचा विचार केल्यामुळे थकवा.

पूल आमच्या घरामागंच आहे. पुढं स्लॅबचं घर, मागं पत्र्याची शेड, शेडला लागून जुन्या रेल्वेचा भराव, भराव संपला की पूल, पुलापलीकडं क्लासवाल्यांची गल्ली. घर आम्ही क्लासच्या मुलींना भाड्यानं दिलंय. सध्या नायगावची सृष्टी आणि अर्धापूरची जेबा, दोघी मेडिकलच्या तयारीला. आम्ही दोघं शेडमध्ये झोपतो. लोकांना वाटतं भाड्याच्या लोभानं. तसं नाही. किल्लारीच्या भूकंपापासून शांतम्माला स्लॅबखाली झोप येत नाही. तिच्यासाठी त्या साली शेड उभी केली. आधी दोन महिन्यांसाठी होती. ती घाबरते म्हणून मीही तिथंच झोपतो. नवऱ्याचं कर्तव्य.

रोज झोपताना ट्रंकेवर स्टीलचे ग्लास एकावर एक रचून ठेवतो. जमीन जरा हलली की ग्लास पडतात, आवाज होतो, बाहेर पळता येतं. तेव्हा गावात सगळेच असं करायचे. आता फक्त मी करतो. तिच्यासाठी. तिनं कधी करा म्हटलं नाही, पण बायकामाणसं सांगत नसतात.

१९ जून.

पुलावर इंजिनिअरला गाठलं. सुदर्शन नाव, नांदेडचा, पोरगेला, काळा गॉगल. मी काही बोलायच्या आत त्यानं नमस्कार केला. इतक्या घाईनं नमस्कार कोण करतो? भरावावरून रस्ता थेट माझ्या शेडच्या बाजूनं जाणार म्हणे. वर म्हणाला, "काका, तुमाला तर सोयच हाय की. दार उघडलं की फिरायला."

मला चालायला सांगितलंय हे याला कसं कळलं? डॉक्टरांचं नाव आता दोनदा आलं.

२२ जून.

सूत्रधार सापडला. मकबूल.

नाल्यापलीकडं मकबूलचं सायकलचं दुकान. रस्ता सायकलींचा. आणखी पुरावा काय पाहिजे? मी एसटीच्या मार्ग तपासणी पथकात नोकरी काढली. गाडीत पाय ठेवला की मला कळायचं, तिकीट कोणाकडं नाही. ज्याच्याकडं नसतं, तो खिडकीबाहेर बघतो. आज मकबूलला मी पुलाचं विचारलं आणि तो पंक्चर काढता काढता टबातल्या पाण्याकडं बघत राहिला.

वाईट वाटलं. जुना दोस्त. पूर्वी पत्र्याचं काम करायचा, आमची शेड त्यानंच ठोकलेली. ठरवलं, आजपासून मकबूलचा चहा बंद. ठरवेपर्यंत चहा आला होता म्हणून तेवढा घेतला.

१ जुलै.

"छोटा पूल संशय निवारण समिती" स्थापन केली. अध्यक्ष मी. सचिव सध्या मीच. शांतम्माला खजिनदार हो म्हटलं, तर तिनं शेंगदाण्याचं सूप हातात दिलं आणि खडे निवडा म्हणाली.

मुली मात्र खूष. आता मेन रोडनं वळसा घालून, ट्रकांच्या मधून जावं लागतं, पूल झाला की पाच मिनिटांत क्लास, असं सृष्टी म्हणते. घरमालकासमोर इतका आनंद बरा नव्हे.

अर्ज जेबाकडून लिहून घेतला, तिचं अक्षर चांगलं. वाचून बघितला. माझ्यापेक्षा चांगला लिहिलाय. मला हवा होता त्यापेक्षा सभ्य झालाय. मुद्दाम केलं असेल का?

१० जुलै.

अर्ज दिला. मुद्दा असा: भूकंपात पुलाला आतून तडे गेलेत, वर माणसं चालली तर पूल बसेल. घेणाऱ्यानं न वाचता शिक्का मारला. न वाचता म्हणजे आधीच ठरलेलं.

चालणे: पावसाचा चिखल. पाऊस थांबला की नक्की.

२४ जुलै, संध्याकाळी ६.

स्वतः शास्त्रीय परीक्षा घेतली. घरातले सगळे स्टीलचे ग्लास नेऊन पुलाच्या कठड्यावर एकावर एक रचले आणि दगडावर बसून राहिलो. थोड्या वेळानं ग्लास खणाखणा पडले, दोन तर नाल्यात. सिद्ध झालं!

तिथं एक शेळी होती, हे खरं. पण शेळी आधी आली की ग्लास आधी पडले, याबद्दल माझं आणि सुदर्शनचं एकमत झालं नाही. शांतम्मा नाल्यातल्या दोन ग्लासांबद्दल अजून बोलून राहिली. ते तिच्या माहेरचे होते म्हणे.

५ ऑगस्ट.

पुलावर वाळूनं भरलेले ट्रक दिवसभर उभे केले. भार चाचणी. सगळा मोहल्ला बघायला. मी छत्री घेऊन जरा लांब उभा राहिलो. पूल हलला नाही. सुदर्शननं लांबूनच मला हात केला.

हा पूल मुद्दाम हलला नाही असं म्हणता येणार नाही. मी न्यायी माणूस आहे. पण मग यांचा खेळ पुलात नाही. खेळ जमिनीत आहे! रेल्वेची जागा किती, रस्ता किती, बाकीची कोण ढापणार? ही मोजणी कोणी केली का? मी सुदर्शनला रोखठोक विचारलं. म्हणाला, "काका, जागा भरपूर हाय. मोजायची गरजच न्हाई."

सरकारी कामावरचा माणूस मोजायची गरज नाही म्हणतो! सापडला. याच्याकडं तिकीट नाही.

७ ऑगस्ट.

मकबूलला सांगितलं की मोजणी मागतोय. तो एकदम गंभीर झाला. पान्हा खाली ठेवला. म्हणाला, "मोजणी-बिजणी नक्को मंगो, शिवमूर्तीभाई. जैसा चल रहा, चलने देव."

नक्को! मी फक्त हसलो. चहा घेतला नाही. घरी येऊन घेतला.

१५ ऑगस्ट.

झेंडावंदन उरकून पुलाच्या तोंडाशी आमरण उपोषण. बोर्ड जेबाकडून रंगवून घेतला: मोजणी झालीच पाहिजे. घोषणा द्यायला कोणी नव्हतं म्हणून मीच द्यायचो आणि मीच उत्तर द्यायचो. नंतर शाळेची पोरं येऊन झालीच पाहिजे म्हणाली, पण ती हसत होती.

साडेअकराला डोळ्यापुढं अंधारी. शुगर. शांतम्मा भाकरी, वरण आणि पिठलं घेऊन आली. समोर बसून म्हणाली, "साकु करा आता. बस्स झालं. तुमच्या हट्टापायी मलाबी उपास घडून राहिला." तिच्यासाठी जेवलो.

तेवढ्यात सुदर्शन आला. पाठीमागं हात बांधून उभा राहिला. काका, बघा बरं, पुन्हा विचार करा म्हणाला. मी म्हटलं, मोजणी! तो म्हणाला, ठीक आहे, बोलावतो मोजणीवाल्यांना.

जिंकलो. शेवटी सत्य एकट्या माणसासमोर झुकलं.

३ सप्टेंबर.

दुपारी बाहेरून आलो तर मकबूल आमच्या ओट्यावर शांतम्माशी हळू आवाजात बोलत बसलेला. मला बघून उठला. आमच्या घरात माझ्यामागं खलबतं! शांतम्मा म्हणाली, मोजणीची मागणी मागं घ्या. का? घ्या म्हणते तर घ्या. मकबूलभाई खोटं बोलणार न्हाई.

म्हणजे हिला पण फितवलं. इतकी वर्षं मी हिच्यासाठी पत्र्याखाली उन्हाळे काढले. एप्रिल-मेमध्ये शेड तव्यासारखी तापते, तरी तोंडातून शब्द काढला नाही. आणि ही शत्रूच्या गोटात. रात्री ग्लास रचताना मुद्दाम आवाज केला. तिला फरक पडला नाही.

१६ सप्टेंबर, सकाळी ८.

आज मोजणी. एसटीची खाकी पँट इस्त्री करून घातली. पोट जरा आलंय. बक्कल लागलं नाही, शर्ट बाहेर काढला.

१६ सप्टेंबर, दुपारी.

थोडक्यात लिहितो.

पुलाकडून सुरुवात झाली. त्यांच्यावर माझा भरवसा नाही म्हणून टेपचं एक टोक मी स्वतः धरलं. मोजणीवाला म्हणाला, सरका. मी सरकलो. अजून सरका. सरकलो. सरकत सरकत माझी पाठ शेडच्या पत्र्याला लागली. म्हटलं, झालं? तो म्हणाला, दार उघडा.

टेप शेडमध्ये गेली. शांतम्माच्या खाटेजवळून, माझ्या खाटेखालून, ट्रंकेला वळसा घालून पलीकडच्या पत्र्यापर्यंत. आणि पत्र्यातून बाहेर. हद्दीची खुंटी आमच्या न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून निघाली. शेड सगळीच्या सगळी रेल्वेच्या जागेत.

मी म्हटलं, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं. यावेळी न्हाणीघराची भिंतही हातभर आत निघाली. तिसऱ्यांदा मोजा म्हणालो नाही.

सुदर्शननं गॉगल काढून पुसायला घेतला. मकबूल नाल्यापलीकडून बघत होता. मोजणीवाला माझ्या तोंडाकडं बघत होता. मी नाल्याकडं बघत होतो. पाणी बरंच आलंय यंदा.

१७ सप्टेंबर.

मुक्तिसंग्राम दिन. झेंड्याला गेलो, राष्ट्रगीत संपताच परत. मूळ प्रश्न असा की ही जमीन निजामाची होती. निजामाकडून रेल्वेला कशी गेली? यावर अर्ज करता येईल. जेबाला लिहून देशील का विचारलं. ती म्हणाली, अंकल, टेस्ट आहे.

मकबूल घरी आला. म्हणाला, त्या साली शेड के खांब मैंने खुद जमीन में गाड्या, हद्द का पत्थर मेरे सामने था, पर तब कौन देखता था किसकी जमीन. सब लोगां बाहर सो रहे थे. म्हणून नक्को म्हणत होतो.

मग सरळ सांगायचं होतं ना, मी म्हटलं. तो म्हणाला, भाई, तू सरळ कधी ऐकलंस?

चहा घेतला. दोन कप.

२० सप्टेंबर.

सुदर्शन भेटला. मी जाब विचारला. त्यानं खिशातून पेन काढून हातावरच रेघ ओढून दाखवली. रस्ता सरळ येतो, शेडपाशी जरा वळतो, मग पुन्हा सरळ. हा बाक कशाला, मी विचारलं. म्हणाला, "तुमच्या शेडसाठीच ठेवला व्हता, काका. कुनाला कळलं पन नसतं. आता मोजणी झाली, माज्या हातात काय न्हाई."

पोरगा वाईट नाही. थोडा आधी समजावून सांगायला पाहिजे होतं त्यानं. सगळ्यांनीच.

३० सप्टेंबर.

किल्लारीचा दिवस. पहाटे जाग आली, दरवर्षी येतेच. शांतम्मा शांत झोपलेली. ट्रंकेवर ग्लास. नाल्यात गेले ते सोडून.

काळजी वाटते. माझी नाही, तिची. शेड गेली तर ही स्लॅबखाली कशी झोपणार? रात्रभर तळमळेल, ओरडून उठेल, दाराकडं धावेल, कडी सापडणार नाही. तोंडाला कोरड पडेल. भिंतीला हात लावून लावून बघेल, हलते का. मला डोळ्यासमोर दिसतं सगळं. तिच्याशी याबद्दल बोलवत नाही.

१२ ऑक्टोबर.

शेड निघाली. पत्रे मकबूलनंच उतरवले, एक एक, न वाकवता. पुन्हा कामाला येतील म्हणाला. कुठं येणार? जमीन केवढी मोकळी दिसायला लागली. उगीचच केवढी.

मुलींनी आपणहून एक खोली रिकामी केली, दोघी एकीत राहतात. आमच्या खाटा आत टाकल्या. म्हणजे शांतम्माची टाकली. घर उघड्यावर पडलंय, चोराचिलटाचं भय, म्हणून पहारा द्यायला मी ओट्यावर झोपणार.

१३ ऑक्टोबर.

आश्चर्य. शांतम्मा स्लॅबखाली घोरत होती. ओट्यापर्यंत आवाज. ओरडली नाही, उठली नाही. सकाळी म्हणाली, किती वर्षांनी पंख्याखाली झोपले. जिवाची भीती दाबून ठेवायची म्हणजे असं हसतमुख राहावं लागतं. बिचारी.

८ नोव्हेंबर.

ओट्यावर डास. तरी पहारा चालू. ती रोज आतून हाक मारते, या की आत. मी म्हणतो, चोर. सृष्टीनं विचारलं, अंकल, आपल्याकडं चोरायला काय आहे? आजकालच्या मुलींना प्रश्न फार.

१५ डिसेंबर.

थंडी. कानटोपी, दोन चादरी, पोतं. खोकला. डॉक्टर म्हणाले, आत झोपा. या डॉक्टरांचं मला पहिल्यापासून कळलेलं नाही.

२ जानेवारी २०११, रविवार.

पूल सुरू झाला. नवीन वर्ष, निश्चय: रोज चालणे. आणि खरंच चाललो. नुसती तपासणी म्हणून गेलो होतो. पलीकडं मकबूल सायकलींना हवा भरत होता. मुली सायकलवरून गेल्या, घंटी वाजवून. मध्यावर बाक ठेवलाय. बसलो. वर काही नाही. स्लॅब नाही, पत्रा नाही, नुसतं आभाळ. उन्हात कधी डोळा लागला कळलं नाही. इतकी गाढ झोप ऑक्टोबरपासून लागली नव्हती.

२३ जानेवारी.

शुगर उतरली. रोज पुलावर जातो, दुपारची झोपही तिथंच. लोक म्हणतात, सगळ्यात जास्त वापर मीच करतो. मी देखरेख करतो, हे त्यांना कसं सांगायचं.

३० जानेवारी, संध्याकाळी.

आज बाकावर शांतम्मा येऊन बसली. शाल आणली होती. मग म्हणाली, आज आत झोपा. खोकला लई वाढलाय. मी म्हटलं, तू घाबरशील म्हणून मी ओट्यावर असतो, हाकेच्या अंतरावर. ती म्हणाली, "अवो, मी कवा घाबरले?"

म्हणाली, भूकंपाच्या त्या रात्री मी आत जाऊन चूल बघितली, कंदील बघितला, तुमच्या चपला घेऊन बाहेर आले. तुम्ही नाल्याच्या कडेला बसला होता. आत या म्हटलं, येईनात. दुसऱ्या दिवशी येईनात. आठ दिवस येईनात. मग मकबूलभाईला सांगून मीच शेड उभारली.

मीच उभारली म्हणाली. माणसाची आठवण कशी उलटीपालटी होते. इतक्या वर्षांनी कोण कोणासाठी, हे तिला नीट आठवणार कसं? मी वाद घातला नाही. तिचा हात गरम होता, माझा गार. थंडी आहे.

आज आत झोपणार. तिच्या आग्रहाखातर. दार उघडं ठेवून, कारण तिला वारा लागतो.

३१ जानेवारी, सकाळी.

झोपलो. म्हणजे पडलो. पंख्याकडं बघत होतो, हलतो का. बंद होता तरी बघत होतो.

शांतम्मानं दिवा मालवायच्या आधी ट्रंक ओढून माझ्या खाटेजवळ आणली. उरलेले ग्लास एकावर एक रचले. सगळ्यात वरचा जरा तिरपा होता, तो सरळ केला. मग जाऊन झोपली.

तिच्या उशाशी काही नव्हतं.